प्रकाशाच्या भूमितीचा वेध घेणारे एस. पंचरत्नम

म्हैसूर : लेसर आणि प्रगत प्रकाशकीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या तोंडी एक भारतीय नाव सतत असते. ध्रुवित प्रकाशाच्या एका विशिष्ट कलेला ते नाव आहे, आणि कित्येक रंगांसाठी एकाच वेळी काम देणाऱ्या स्फटिक-पट्ट्यांच्या एका रचनेलाही आहे. अतिशय पातळ, सपाट भिंगांच्या एका संपूर्ण कुळालाही तेच नाव जोडले गेले आहे. ते नाव पंचरत्नम यांचे. ज्यांच्यामुळे ते जगभर गेले त्या शिवरामकृष्णन पंचरत्नम यांना अवघे ३५ वर्षांचे आयुष्य लाभले, आणि त्यांतील तीन महत्त्वाची वर्षे म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात गेली. ज्या शोधासाठी आज त्यांचे स्मरण होते तो त्यांनी बाविसाव्या वर्षी लिहून छापला होता. त्याचा खरा आवाका जगाच्या लक्षात आला तेव्हा त्यांच्या निधनाला १७ वर्षे उलटली होती.

पंचरत्नम यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९३४ रोजी कोलकात्यात झाला. त्यांची आई सीतालक्ष्मी या नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या भगिनी. म्हणजे रामन हे पंचरत्नम यांचे सख्खे मामा. खगोलभौतिकीतील नोबेल विजेते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे रामन यांच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव, म्हणून पंचरत्नम यांचे मामेभाऊ. सख्ख्या भावंडांतही दोन नामवंत भौतिकशास्त्रज्ञ होते : स्फटिकशास्त्रज्ञ एस. रामशेषन आणि द्रवस्फटिकांचे संशोधक एस. चंद्रशेखर. मामेभाऊ आणि सख्खा भाऊ या दोन चंद्रशेखरांमध्ये वाचकांची नेहमीच गल्लत होते, म्हणून हा खुलासा. या सख्ख्या भावाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. चंद्रशेखर यांनी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवली आणि त्यांची डॉक्टरेटही त्याच विद्यापीठाची.

अशा घराण्यात जन्मलेल्या मुलाला विज्ञानाची वाट सोपी गेली असेल असे वाटणे साहजिक आहे. नातेसंबंधाने प्रयोगशाळेचे दार उघडले असेलही, परंतु पुढचे काम एकट्याचेच असते. रामन १९४८ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतून निवृत्त झाले आणि बंगळूरमध्ये स्वतःच्या संशोधन संस्थेत काम करू लागले. म्हैसूर संस्थानाने भारतीय विज्ञान अकादमीला दिलेल्या जागेवर ही संस्था उभी राहिली होती. तेथे यंत्रसामग्रीचा थाट नव्हता. रामन यांनी हौसेने जमवलेली रत्ने, खनिजे आणि स्फटिक मात्र विपुल होते. विशीच्या उंबरठ्यावर असलेले पंचरत्नम या संस्थेत दाखल झाले आणि त्यांनी हीच रत्ने अभ्यासाला घेतली. १९५४ मध्ये त्यांचा जांभळ्या गारेवरचा, म्हणजे अॅमेथिस्टवरचा निबंध प्रसिद्ध झाला. एकच खडा वेगवेगळ्या दिशांनी पाहिला असता वेगळ्या छटा का दाखवतो, हा त्याचा विषय होता.

त्यापाठोपाठ आयोलाइट या निळसर-जांभळ्या रत्नाकडे ते वळले. आयोलाइट प्रकाश शोषतो, आणि किती शोषतो हे प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर व दिशेवर अवलंबून असते. वर्ण न शोषणाऱ्या स्वच्छ स्फटिकात प्रत्येक दिशेने साधारणपणे दोन प्रकारचे ध्रुवित तरंग आपले रूप न बदलता प्रवास करू शकतात. शोषक स्फटिकात मात्र काही निवडक दिशा अशा निघतात की तेथे या दोन तरंगांचा भेदच मिटतो आणि एकच वर्तुळ-ध्रुवित तरंग जसाच्या तसा पुढे जातो. उलट वळणाचा प्रकाश आत सोडला तर तो वाटेत हळूहळू पहिल्या वळणाचा होऊन जातो. जर्मन शास्त्रज्ञ फोइग्ट यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे कागदावर मांडले होते, पण नंतर ते जवळजवळ विस्मृतीत गेले. पंचरत्नम यांनी १९५५ मध्ये त्याची नवी, सुटसुटीत उपपत्ती दिली आणि आयोलाइटच्या पातळ चकत्यांवर प्रत्यक्ष प्रयोगही केले. दोन अवस्था एकमेकींत विलीन होणाऱ्या अशा बिंदूंवर आज लेसर आणि सूक्ष्म-प्रकाशकीच्या प्रयोगशाळांतून संशोधनाचा पूर आला आहे, आणि त्यांच्या इतिहासात बंगळूरच्या त्या चकत्यांचा उल्लेख आवर्जून होतो.

पंचरत्नम यांचे वैशिष्ट्य विषयाच्या निवडीपेक्षाही त्यांच्या साधनात होते. ते साधन म्हणजे फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी १८९२ मध्ये सुचवलेला एक काल्पनिक गोल. प्रकाश हा विद्युत-चुंबकीय तरंग आहे. त्याचे विद्युतक्षेत्र एका सरळ रेषेत मागेपुढे हलते तेव्हा प्रकाश रेषीय ध्रुवित असतो. ते उजवीकडून वा डावीकडून गोल फिरत असेल तर प्रकाश वर्तुळ-ध्रुवित असतो, आणि या दोहोंच्या मधल्या अवस्था लंबवर्तुळाच्या. या सर्व अनंत अवस्था प्वांकारे यांनी पृथ्वीगोलासारख्या एका गोलाच्या पृष्ठभागावर बसवल्या. उत्तर ध्रुवावर एका वळणाचा वर्तुळ-ध्रुवित प्रकाश, दक्षिण ध्रुवावर उलट वळणाचा, विषुववृत्तावर सर्व रेषीय अवस्था आणि उरलेल्या भागात लंबवर्तुळी. एकमेकांशी पूर्णतः विरोधी असलेल्या अवस्था गोलावर समोरासमोर, व्यासाच्या दोन टोकांना येतात. प्रकाश स्फटिकातून गेला की गोलावरचा बिंदू सरकतो. पाने भरून येणारी त्रिकोणमिती अशा रीतीने डोळ्यांनी पाहता येणारी भूमिती होते. हा गोल अनेकांना ठाऊक होता, परंतु पंचरत्नम यांनी तो ज्या सहजतेने वापरला त्याला तोड नव्हती. पुढे ब्रिस्टल विद्यापीठाचे सर मायकेल बेरी यांनी १९९४ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला तो याच प्रभुत्वाची थोरवी सांगण्यासाठी.

नोव्हेंबर १९५६ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये त्यांचा व्यतिकरणाच्या व्यापक उपपत्तीवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी विचारलेला प्रश्न वरवर अगदी साधा होता. दोन तरंगांचे चढ आणि उतार एकाच वेळी येत असतील तर ते समकला आहेत असे आपण म्हणतो. पण दोन शलाकांचे ध्रुवीकरणच वेगळे असेल, एकीचे क्षेत्र सरळ रेषेत हलत असेल आणि दुसरीचे गोल फिरत असेल, तर त्या समकला आहेत की नाहीत हे ठरवायचे कसे? चढ कशाचा कशाशी जुळवायचा? पंचरत्नम यांनी त्यावर व्यवहारी निकष दिला. दोन्ही शलाका एकत्र आणाव्यात आणि एकीला किंचित मागेपुढे करावे. जेथे मिळून येणारा प्रकाश सर्वाधिक उजळ होतो तेथे त्या समकला मानाव्यात. पूर्णतः विरोधी अवस्थांचे व्यतिकरण होतच नाही, एवढा एक अपवाद सोडला तर हा निकष कोणत्याही दोन शलाकांना लागू पडतो.

विस्मयकारक गोष्ट यानंतर येते. तीन तंबोरे एकमेकांशी लावताना पहिला दुसऱ्याशी जुळला आणि दुसरा तिसऱ्याशी, तर पहिला व तिसरा जुळलेले असणारच, असे आपण धरून चालतो. प्रकाशाच्या बाबतीत हा भरवसा ठेवता येत नाही. पहिली शलाका दुसरीशी समकला असली आणि दुसरी तिसरीशी, तरी पहिली आणि तिसरी यांच्यात अंतर उरते. ते अंतर किती, याचे उत्तर पंचरत्नम यांनी गोलावर शोधले. तिन्ही अवस्थांचे बिंदू गोलावर मांडून त्यांना सर्वांत जवळच्या वाटांनी जोडले की एक त्रिकोण तयार होतो. हा त्रिकोण गोलाच्या मध्याशी जेवढा घनकोन करतो, त्याच्या बरोबर निम्मा कलाफरक उरतो. उदाहरण द्यायचे तर आडवा रेषीय, ४५ अंशांत कललेला रेषीय आणि वर्तुळ-ध्रुवित अशा तीन अवस्था घ्याव्यात. त्यांचा त्रिकोण गोलाचा बरोबर आठवा हिस्सा व्यापतो आणि कलाफरक येतो ४५ अंश, म्हणजे तरंगलांबीच्या एक अष्टमांशाएवढा. नारिंगी रंगाच्या ६०० नॅनोमीटर प्रकाशासाठी तो ७५ नॅनोमीटर भरतो. संख्या लहान दिसते, परंतु व्यतिकरणाच्या प्रयोगात ती सहज मोजता येते.

या फरकाला वाटेची लांबी कारणीभूत नसते आणि लागलेला वेळही नसतो. गोलावर कोणता आकार रेखाटला गेला, यावरच तो ठरतो. पृथ्वीवर याला जवळचा दृष्टांत सापडतो. उत्तर ध्रुवावरून हातातील काठी वाटेच्या दिशेने धरून एका रेखावृत्ताने विषुववृत्तावर यावे, काठी वळू न देता विषुववृत्तावरून पाव फेरा मारावा आणि दुसऱ्या रेखावृत्ताने पुन्हा ध्रुवावर जावे. काठी एकदाही फिरवलेली नसते, तरी ती मूळ दिशेशी काटकोन करून उभी असते. पृष्ठभाग वक्र असल्याचा हा परिणाम आहे. त्यासारखेच काही प्रकाशातही घडते, हे पंचरत्नम यांच्या निबंधात सिद्धतेसह लिहिलेले होते.

हे सर्व लेसर अस्तित्वात येण्यापूर्वीचे आहे, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. सुसंगत प्रकाशाचा सुलभ स्रोत हाताशी नसताना साधे दिवे, ध्रुवक आणि स्फटिकांच्या चकत्या यांवरच त्यांचे सारे काम चालले होते.

त्याच काळात, १९५५ मध्ये, त्यांनी व्यवहारात फार उपयोगी पडलेली आणखी एक गोष्ट केली. रेषीय प्रकाशाचे वर्तुळ-ध्रुवित प्रकाशात रूपांतर करणारी स्फटिक-पट्टी एका ठरावीक रंगासाठीच अचूक असते. रंग बदलला की तिचे गणित बिघडते. हा दोष काढण्यासाठी निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या जोडण्याची पद्धत होती. पंचरत्नम यांनी दाखवून दिले की एकाच पदार्थाच्या तीन पट्ट्या पुरतात. बाहेरच्या दोन एकमेकींना समांतर ठेवायच्या आणि मधली विशिष्ट कोनातून वळवायची. मग एकीची चूक दुसरी भरून काढते. ही युक्तीही त्यांना त्या गोलावरूनच सुचली होती. आजही दुर्बिणींना जोडल्या जाणाऱ्या ध्रुवणमापकांत ही रचना वापरली जाते, आणि विश्वाच्या प्रारंभीच्या प्रारणाचे ध्रुवीकरण मोजणाऱ्या उपकरणांतही पंचरत्नम यांच्या पद्धतीने रचलेल्या पट्ट्या असतात.

मग १९५६ चा तो निबंध इतकी वर्षे दुर्लक्षित का राहिला? तो भारतीय नियतकालिकात छापला गेला, हे एक कारण नेहमी सांगितले जाते. रामन यांनी १९३४ मध्ये अकादमी स्थापन केली. योगायोगाने पंचरत्नम यांच्या जन्माचेच ते वर्ष. भारतीय संशोधन भारतातील नियतकालिकांत प्रसिद्ध झाले पाहिजे, असा रामन यांचा आग्रह होता आणि त्यांच्या शिष्यांनी तो पाळला. त्याची किंमत काही प्रमाणात पंचरत्नम यांना मोजावी लागली, हे नाकारता येणार नाही. पण सारा दोष त्या आग्रहावर टाकणेही बरोबर नाही. परदेशी वाचकांच्या हाती हा निबंध पडला असता तरी त्यातील भूमितीचे महत्त्व ओळखण्यासाठी लागणारी दृष्टी १९५६ मध्ये फारशी कोणाकडे नव्हती. स्वतः पंचरत्नम यांनीही तो निष्कर्ष व्यतिकरणाच्या अभ्यासातील एक पायरी म्हणून मांडला आणि ते पुढे गेले. देशात मात्र त्यांच्या गुणांची कदर झाली होती. १९५९ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अकादमीने त्यांना फेलो म्हणून निवडले.

१९६१ मध्ये ते म्हैसूरला आले. १९१६ मध्ये कृष्णराज वडियार चौथे यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाने कुक्करहळ्ळी तलावाजवळ नवा पदव्युत्तर परिसर उभारला होता. त्याला मानसगंगोत्री हे नाव ज्येष्ठ कन्नड कवी कुवेंपु यांनी दिले. ते तेव्हा विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेथील भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख म्हणून केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करून परतलेले चंद्रशेखर यांची निवड झाली, आणि पंचरत्नम त्याच विभागात प्रपाठक झाले. एका विभागाची पायाभरणी दोन सख्खे भाऊ करीत होते. वर्षभरापूर्वी, मे १९६० मध्ये, अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून जगातील पहिला लेसर किरण काढला होता. सुसंगत प्रकाश म्हणजे नेमके काय, अंशतः सुसंगत आणि अंशतः ध्रुवित प्रकाशाचे वर्णन कसे करावे, हे प्रश्न त्यामुळे एकाएकी ऐरणीवर आले. अमेरिकेत रॉय ग्लॉबर आणि मूळचे केरळचे जॉर्ज सुदर्शन हे त्यांचा पुंज-सिद्धांताच्या अंगाने विचार करीत होते. पंचरत्नम यांनी अभिजात प्रकाशकीच्या चौकटीत राहून अनेक रंगांच्या मिश्र प्रकाशाचे ध्रुवीकरण व सुसंगती यांची वर्णपटाच्या भाषेत मांडणी केली. हे निबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. चंद्रशेखर म्हैसूरमध्येच द्रवस्फटिकांकडे वळले. त्या पदार्थांतून प्रकाश कसा वळतो व परावर्तित होतो, हा त्यांचा आरंभीचा एक विषय होता.

१९६४ मध्ये पंचरत्नम ऑक्सफर्डला गेले आणि क्लॅरेंडन प्रयोगशाळेत जॉर्ज सीरीज यांच्याबरोबर काम करू लागले. तेथे स्फटिकांची जागा अणूंनी घेतली. ध्रुवित प्रकाशाने वायूतील अणूंना एका दिशेत वळवून ठेवण्याचे तंत्र तेव्हा जोमात होते. त्याचे जनक आल्फ्रेड कास्टलर यांना १९६६ चे नोबेल मिळाले. दिशा लावलेल्या अणूंचा समूह स्वतःच एखाद्या स्फटिकासारखा वागतो आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण बदलतो. रत्नांच्या अभ्यासात मुरलेल्या पंचरत्नम यांना हा प्रांत परका वाटण्याचे कारण नव्हते. प्रकाश पडल्याने अणूंच्या ऊर्जापातळ्या किंचित सरकतात. हे सरकणे आणि माध्यमातील प्रकाशाचे अपवर्तन या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी १९६६ च्या निबंधात दाखवले. लेसरने अणू पकडून ठेवणाऱ्या आजच्या सापळ्यांत आणि अतिअचूक प्रकाशीय घड्याळांत हे विस्थापन रोजच्या हिशेबाचा भाग असते.

२८ मे १९६९ रोजी ऑक्सफर्डमध्येच त्यांचे निधन झाले. ऐंशीच्या घरातील रामन यांना भाच्याचा मृत्यू पाहावा लागला. पुढच्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९७० रोजी, तेही गेले. सीरीज यांनी आपल्या दिवंगत सहकाऱ्याचे सर्व निबंध एकत्र करून संपादित केले आणि १९७५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ प्रकाशनाने तो संग्रह प्रसिद्ध केला. या संग्रहामुळे पंचरत्नम यांचे काम विखुरले गेले नाही. तरीही १९५६ च्या निबंधाकडे कोणाचे विशेष लक्ष गेले नाही.

१९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी पुंजभौतिकीतील एक सर्वसाधारण निष्कर्ष मांडला. एखाद्या प्रणालीची परिस्थिती हळूहळू बदलत पुन्हा मूळपदावर आणली तर तिच्या तरंगफलनात केवळ भूमितीवर अवलंबून असलेली जादा कला जमा होते. भौतिकशास्त्रात त्याने खळबळ उडवली. तेव्हा रामशेषन बंगळूरला होते. आपल्या धाकट्या भावाचे निबंध त्यांना परिचयाचे होते. त्यांनी राजाराम नित्यानंद यांच्यासह १९८६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक टिपण लिहून दाखवून दिले की ध्रुवित प्रकाशाच्या व्यतिकरणात पंचरत्नम यांना सापडलेला तो घनकोन हा या कलेचाच तीस वर्षे आधीचा नमुना आहे. नित्यानंद हे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. बेरी यांनी हे श्रेय मोकळेपणाने मान्य केले. १९८७ मध्ये त्यांनी पंचरत्नम यांच्या कलेचे आपल्या पद्धतीने विश्लेषण करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि दोन्ही नावे जोडली गेली. वक्र वाटेने जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण कसे वळते, याचा विचार रितोव आणि व्लादिमीर्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्याहीआधी केला होता. पण ध्रुवीकरणाच्या अवस्थांच्या गोलावरील त्रिकोण हा पंचरत्नम यांचाच.

तो प्रत्यक्ष दाखवण्याची पाळी मग लेसरची होती. रामन संशोधन संस्थेतील राजेंद्र भंडारी आणि जोसेफ सॅम्युएल यांनी लेसर व्यतिकरणमापकाच्या एका भुजेतील प्रकाशाला गोलावर बंद फेरी मारायला लावली आणि घनकोन बदलला की कलाही हिशेबाप्रमाणे बदलते हे मोजून दाखवले. १९८८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हे निष्कर्ष आले. शिवाय त्यांनी सैद्धांतिक निबंधात हेही स्पष्ट केले की पंचरत्नम यांच्या निकषाला बदल हळू असण्याची वा फेरी बंद असण्याचीही अट नाही. या एका बाबतीत १९५६ ची मांडणी १९८४ च्या मांडणीहून अधिक व्यापक ठरली.

गेल्या दोन दशकांत या कलेचा वापर भिंगे घडवण्यासाठी होऊ लागला. नेहमीचे भिंग काचेच्या कमीअधिक जाडीमुळे प्रकाश वळवते. नव्या रचनेत जाडी सर्वत्र सारखीच, काही मायक्रोमीटर किंवा त्याहूनही कमी असते. बदलते ती पृष्ठभागावरच्या सूक्ष्म रचनांची दिशा. एखाद्या ठिकाणची रचना १० अंशांनी वळलेली असेल तर तेथून जाणाऱ्या वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाला २० अंशांची कला मिळते. हा हिशेब थेट गोलावरच्या घनकोनातून येतो. दिशा ठिकठिकाणी हव्या तशा आखल्या की सपाट पापुद्राच भिंग होतो. त्याचा एक गमतीचा गुण असा की एका वळणाच्या प्रकाशासाठी तो अभिसारी असेल, तर उलट वळणाच्या प्रकाशासाठी अपसारी असतो. इस्राएलमधील टेक्निऑन संस्थेच्या संशोधकांनी २००२ च्या सुमारास अतिसूक्ष्म जाळ्या कोरून अशा रचना केल्या आणि त्यांच्या नावातच पंचरत्नम व बेरी यांचा उल्लेख केला.

अशी भिंगे करण्यासाठी आज बहुधा द्रवस्फटिक वापरले जातात, कारण त्यांच्या काडीसारख्या रेणूंना हव्या त्या दिशेत लावता येते. त्या पदार्थांचा अभ्यास चंद्रशेखर यांनी म्हैसूरमध्ये सुरू केला होता. १९७१ मध्ये ते बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत गेले. १९७७ मध्ये तेथे त्यांनी बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांच्यासह चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने १९८३ मध्ये त्यांना फेलो केले. रामशेषन डिसेंबर २००३ मध्ये आणि चंद्रशेखर मार्च २००४ मध्ये निवर्तले. धाकट्या भावाच्या नावाची कला प्रयोगशाळांतून रुजलेली दोघांनाही पाहायला मिळाली होती.